पडद्यावर न आलेला इतिहास

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा विषय दिला नव्हता. "तुम्हाला हवं त्यावर बोला, पण जेवण गार होईल इतकं बोलू नका," एवढीच अट होती. ती पाळण्याचा प्रयत्न करू. आम्ही विषय निवडला तो सिनेमाचा. वर्धापन दिनाला सिनेमा कशाला, असे काहींच्या मनात येईल. त्याचे कारण याच विहारात घडले आहे, म्हणून ते आधी सांगतो.

दर रविवारी मुलांचा धम्मवर्ग असतो हे आपणाला ठाऊक आहे. यंदा मुलांची लेखी परीक्षा घेतली आणि पेपर तपासायचे काम आमच्याकडे आले. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंत, पुढचे सगळे रात्रपाळी संपल्यावर वाचनालयात. तरी मुलांच्या पाच मार्कांच्या प्रश्नाला आम्ही पुरे पडू असे समितीला वाटले असावे. प्रश्न साधा होता. कलिंगच्या युद्धानंतर सम्राट अशोकाला पश्चात्ताप का झाला? एका हुशार मुलीने लिहिले, लहानगा राजकुमार आर्य त्याच्या डोळ्यांसमोर मेला म्हणून, आणि जिच्यावर त्याचे प्रेम होते ती कौरवकी त्याला रणांगणावर भेटली म्हणून. वळणदार अक्षर, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. लाल पेन हातात धरून आम्ही बराच वेळ तसेच बसलो. पुढच्या चार-पाच पेपरांत कमी-जास्त फरकाने तेच उत्तर. मग ध्यानात आले. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात याच सभागृहात, भिंतीवर पांढरी चादर बांधून आपणच मुलांना 'अशोका' हा सिनेमा दाखवला होता. प्रोजेक्टरसाठी वर्गणी काढणाऱ्यांत आम्हीही होतो. म्हणजे चोर बाहेरचा नव्हता, घरातलाच होता.

ऐतिहासिक सिनेमातल्या चुका म्हटले की लोक आधी कपडे, दागिने, नाचगाणी बघतात. आम्हीही बघतो. आम्ही साचेखात्यात काम केलेली माणसे. आमची नजर आधी कापडाकडे जाते, नट-नटीकडे नंतर. हातमागाच्या कापडाची किनार आणि गिरणीच्या कापडाची किनार आम्हाला लांबून कळते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सैनिकाच्या अंगरख्यावर शिलाई मशीनची सरळसोट टीप दिसली की आम्ही शेजारच्याला कोपराने ढोसतो. घरचे म्हणतात, "तुम्हाला सिनेमाला न्यायचं म्हणजे डोक्याला ताप." २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' आला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र 'पिंगा' घालतात यावरून केवढा गदारोळ झाला. पेशव्यांच्या घरच्या स्त्रिया अशा नाचतील का, नऊवारी अशी नेसतात का, वगैरे. असो. त्यांचा प्रश्न त्यांनी सोडवावा. पण अशी चूक दिसते तरी. दिसली म्हणून लोक बोलले. टीप चुकली, किनार चुकली म्हणून कुणाच्या मुलाचा पेपर चुकत नाही. आम्हाला बोलायचे आहे ते दुसऱ्या प्रकारच्या चुकीबद्दल.

'अशोका' २००१ साली आला. दिग्दर्शक संतोष सिवन, अशोकाच्या कामात शाहरुख खान, कौरवकीच्या कामात करिना कपूर. हा पूर्ण इतिहास असल्याचा आपला दावा नाही, असे त्यांनी आधीच जाहीर केले आहे, ते मान्य. छायाचित्रण सुंदर आहे, तेही मान्य. त्यातला अशोक नाव बदलून, पवन होऊन हिंडतो. लपून राहिलेल्या कलिंगच्या राजकन्येवर त्याचे मन बसते. ती मारली गेली अशी खोटी बातमी त्याला मिळते आणि तो 'चंड' होतो. शेवटी युद्ध, प्रेतांचा खच, जिवंत सापडलेली कौरवकी आणि तिच्या लहान भावाचा मृत्यू. मग तलवार खाली. लहान पोरे रडणारच. आमच्याही डोळ्यांत पाणी आले, खोटे कशाला बोलू.

आता दगडात काय कोरले आहे ते बघू. कारण बाकीच्या राजांच्या बाबतीत भाट-चारण काय म्हणाले यावर भागवावे लागते. अशोकाने मात्र स्वतःचे म्हणणे दगडावर कोरून ठेवले. ती लिपी वाचणारा मधल्या काळात कुणी उरला नव्हता. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती वाचली. आपल्याला अशोक कळतो तो त्या वाचनामुळे.

तेरावा शिलालेख कलिंगबद्दलचा आहे. तो जुनागढजवळ गिरनारला आहे, डेहराडूनकडे कालसीला आहे, आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीलाही आहे. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर कलिंग जिंकला, असे राजा त्यात सांगतो. म्हणजे इसवी सनापूर्वी २६१च्या सुमारास. दीड लाख माणसे तिथून हलवली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. हे आकडे कुण्या शत्रूने दिलेले नाहीत. जिंकणारा राजा स्वतः कबूल करतो आहे. पुढे तो म्हणतो की त्या देशात ब्राह्मण आहेत, श्रमण आहेत, आईबापांची सेवा करणारे, वडीलधाऱ्यांचे ऐकणारे, दासांना आणि नोकरांना नीट वागवणारे साधे गृहस्थ आहेत. त्यांना इजा झाली, त्यांची माणसे ताटातूट होऊन गेली, याचे त्याला दुःख आहे. यातल्या शंभराव्या किंवा हजाराव्या हिश्श्याएवढी माणसे आता मेली तरी आपल्याला ते जड वाटेल, असेही तो सांगतो.

उपासकांनो, इथे नीट लक्ष द्या. या लेखात त्याची प्रेयसी नाही, तिचा भाऊ नाही. ज्यांची नावेही त्याला ठाऊक नव्हती अशा माणसांसाठी तो राजा कष्टी झाला. सिनेमाने काय केले? लाखभर माणसे मागे पांगवली आणि एका पोराचे मरण पुढे आणले. आपला माणूस मेला की रडू कुणालाही येते, त्याला सम्राट असावे लागत नाही. परक्याची माणसे मेली, तीही आपल्याच हुकमाने मेली, आणि ते त्याने सगळ्या राज्याला वाचता येईल असे कोरले. त्या मुलीच्या पेपरात आले नाही ते एवढेच, आणि सगळे त्यातच आहे.

कौरवकीचेही ऐका. तिचे नाव दगडावर आहे बरे का. अलाहाबादच्या स्तंभावर एक छोटासा लेख आहे, त्याला राणीचा लेख म्हणतात. दुसरी राणी, तीवराची आई कारुवाकी, हिने जे काही दान दिले, आमराई असो, बाग असो, दानशाळा असो, ते तिच्याच नावावर नोंदवा, असा अधिकाऱ्यांना हुकूम आहे. ती कलिंगची होती असे त्यात कुठेही नाही. सिनेमाने तिच्या हाती तलवार दिली. तिचे दान तिच्या नावावर मांडले जावे ही खरी गोष्ट मात्र गाळली. बावीसशे वर्षांपूर्वी बाईच्या नावावर नोंद! महिला मंडळाच्या भगिनींनी हे आपल्या हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला हरकत नाही.

अशोक एका संध्याकाळी बदलला हेही दगड सांगत नाही. मध्य प्रदेशात रूपनाथला आणि इतर काही ठिकाणी एक लहान लेख आहे. त्यात तो कबूल करतो की उपासक होऊन अडीच वर्षांहून जास्त काळ झाला, पण पहिले वर्षभर आपण फारसा उत्साह दाखवला नाही. संघाच्या जवळ गेल्यावर मग नेट लावला. आमच्यासारख्याला हे वाचून धीर येतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पहिले वर्ष-दोन वर्षे काय काय चालू होते ते आपण सगळेच जाणतो. पण अशी कबुली पडद्यावर दाखवायला अवघड जाते. तलवार फेकणे सोपे, दोन मिनिटांत होते.

हे झाले त्यांचे. आता थोडे आपले. काहींना आवडणार नाही, पण आज घरचेच लोक समोर आहेत म्हणून बोलतो. अशोकाने नव्व्याण्णव भाऊ मारले ही गोष्ट सिनेमावाल्यांनी रचलेली नाही. ती सिंहलद्वीपच्या महावंसात आहे, म्हणजे आपल्याच परंपरेच्या ग्रंथात. आधी राजा जितका काळा रंगवावा तितका धम्माचा प्रकाश जास्त दिसतो, असा त्यामागचा हिशेब असावा. पण पाचव्या शिलालेखात अशोक आपल्या भाऊ-बहिणींच्या घरांचा उल्लेख करतो, तिथेही धम्म-महामात्र काम करतात असे सांगतो. भाऊ सगळे मारले असते तर ती घरे कुणाची? आणि गंमत अशी की त्याच महावंसात कलिंगच्या युद्धाचे नावही नाही. तिथे निग्रोध नावाच्या लहान श्रामणेराला पाहून राजाचे मन पालटते. आपल्या घरोघरी लागलेल्या कॅलेंडरवर रणांगणात तलवार टाकणारा अशोक असतो. तेही एक प्रकारचे सिनेमाचे पोस्टरच आहे. अशोकाने धम्म घेतला तो दिवस विजयादशमीचा, असे आपण मानतो. शिलालेखात दिवस कोरलेला नाही. त्याने आपल्या १४ ऑक्टोबर १९५६ला काही उणेपणा येत नाही. नागपूरला त्या दिवशी जे झाले ते लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि अशोकाने पश्चात्ताप केला म्हणून कलिंग परत दिला नाही, हेही मुलांना सांगावे. तेराव्या लेखातच रानातल्या लोकांना तो बजावतो की राजाला दुःख झाले असले तरी त्याच्या हातात बळ आहे. ओरिसात धौली आणि जौगडला तर हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. ज्यांची माणसे मारली त्यांच्या दारात तो आकडा त्याने लावला नाही. तिथे वेगळे लेख आहेत. त्यांत सगळी माणसे आपली लेकरे आहेत असे तो म्हणतो आणि अधिकाऱ्यांनी कुणाला विनाकारण डांबू नये असे बजावतो. हा दगडातला माणूस सिनेमातल्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे. आम्हाला तो जास्त जवळचा वाटतो.

तर लाल पेन घेऊन बसलो होतो तेव्हा आम्हाला दुसरे एक लाल पेन आठवले.

१९८३ सालची गोष्ट. आम्ही नववीत होतो. आदल्या वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला तो चालूच होता. दादा, म्हणजे आमचे वडील, वर्षभर घरी. आई चार घरची भांडी घासायची. शाळेने मुलांना 'गांधी' सिनेमा दाखवायचे ठरवले. आईने तिकिटाचे पैसे कुठून आणले ते तिने शेवटपर्यंत सांगितले नाही. रिचर्ड अ‍ॅटनबरोचा तो सिनेमा, तीन तासांहून जास्त. भारत सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा पैसाही त्यात होता. पुढे त्याला आठ ऑस्कर मिळाली. त्यातले एक कपड्यांसाठी, आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडीही आपल्याच. कापडाचा जाणकार म्हणून आज सांगतो, त्या सिनेमात खादी खादीसारखी पडते, चुरगळते. कपड्यात बोट ठेवायला जागा नाही.

घरी आलो तर दादा खाटेवर बसलेले. म्हणाले, "कसा होता?"

आम्ही म्हणालो, "लई भारी."

"बाबासाहेब किती वेळ दिसले?"

आम्ही आठवून पाहिले. नेहरू होते, पटेल होते, जिना होते, मौलाना आझाद होते. "नाय दिसले."

"सिनेमा किती वेळाचा?"

"तीन तास. वर थोडा."

दादा पुढे काही बोलले नाहीत. विडी पेटवून बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्या सिनेमावर निबंध होता. आम्ही सगळे लिहिले आणि शेवटी एक ओळ टाकली की या चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर का नाहीत ते कळले नाही. गुरुजींनी त्या ओळीवर लाल रेघ मारली. वही देताना म्हणाले, "जे दाखवलं त्यावर लिहायचं. जे दाखवलं नाही त्यावर नाही." माणूस वाईट नव्हता. त्यांना खरोखरच तसे वाटत होते.

तेव्हा उत्तर देता आले नाही. पुढे वाचले, तेव्हा एक-एक कळत गेले. त्या सिनेमात लंडनची गोलमेज परिषद आहे. १९३१च्या त्या परिषदेला बाबासाहेब प्रतिनिधी होते. गांधीजी त्या एकाच परिषदेला गेले, बाबासाहेब तिन्ही परिषदांना होते. परिषद आटोपते आणि सिनेमा उडी मारतो तो थेट दुसऱ्या महायुद्धावर. मधली वर्षे कुठे गेली? ऑगस्ट १९३२मध्ये अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. त्याविरुद्ध २० सप्टेंबरला गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण सुरू केले. सगळ्या देशाचे डोळे बाबासाहेबांकडे लागले. गांधीजींचा प्राण एका बाजूला आणि आपल्या लोकांचा हक्क दुसऱ्या बाजूला. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. एका बाजूने पंडित मालवीय वगैरे मंडळींच्या सह्या, दुसऱ्या बाजूने बाबासाहेबांची. स्वतंत्र मतदारसंघ गेले, संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. प्रांतांच्या कायदेमंडळांत मिळून १४८, त्यात सिंधसह मुंबई इलाख्यात १५.

सिनेमात उपोषणे नाहीत असे नाही. चौरीचौऱ्यानंतरचे आहे, कलकत्त्याचे आहे. येरवड्याचे नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या आश्रमात संडास सफाईवरून गांधीजी आणि कस्तुरबांचे भांडण आहे. म्हणजे अस्पृश्यतेचा विषय सिनेमाला माहीत आहे. पण अस्पृश्यांचा स्वतःचा पुढारी, जो समोर बसून, डोळ्याला डोळा देऊन बोलला, तो नाही. एका माणसाचे सगळे आयुष्य एका सिनेमात मावत नाही, अशा अर्थाची पाटी सुरुवातीलाच येते. मान्य आहे. सुभाषबाबूही त्यात नाहीत. पण काय मावले आणि काय नाही हे कुणीतरी बसून ठरवलेच ना? जे चुकीचे दाखवले ते आपण दाखवून देऊ शकतो. जे दाखवलेच नाही ते नववीतल्या पोराने कसे दाखवून द्यायचे? त्याच्या वहीवर लाल रेघच येणार.

२००० साली जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' आला. मामुट्टींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो बघताना आम्ही कापडाकडे बघितले नाही, किनारीकडे बघितले नाही. नुसते रडलो. आता वाटते, आपल्या माणसाच्या सिनेमालाही तीच पट्टी लावायला हवी होती. दुसऱ्याचे कापड मोजायचे आणि आपले तसेच घडी करून ठेवायचे, हे बरोबर नाही. स्वतः बाबासाहेबांनी तसे केले नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आठवा. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिले म्हणून गृहत्याग केला, ही गोष्ट शेकडो वर्षे चालत आलेली. बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच विचारले की एकोणतिसाव्या वर्षापर्यंत हे त्याने पाहिलेच नाही हे पटते का? आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचे भांडण पुढे मांडले. बुद्धाच्या चरित्राबद्दल त्यांनी असे विचारले, तर शाहरुख खानच्या सिनेमाबद्दल विचारायला आपण का कचरावे?

आता त्या मुलीच्या पेपरचे. आम्ही तिला शून्य दिले नाही आणि पाचही दिले नाहीत. चूक अशी खूणही केली नाही, कारण तिने जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले होते आणि ते तिला आपणच दाखवले होते. समासात एवढेच लिहिले, 'हे तुला कुठून कळले?' दुसऱ्या रविवारी ती पेपर घेऊन आली. म्हणाली, "काका, सिनेमातून. पण मग तुम्हाला कुठून कळलं?" बघा, नेमके विचारले! आम्ही म्हणालो, दगडावरून. ती म्हणाली, "कुठं आहे तो दगड?"

गिरनार लांब, धौली लांब. पण आपल्या नालासोपाऱ्याला, जिथे आपले कितीतरी नातेवाईक राहायला गेले आहेत, तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा सापडला तो १९५६ साली, आपल्या दीक्षेच्याच वर्षी. आठव्या लेखात काय आहे? पूर्वीचे राजे शिकारीला जायचे, मौजेला जायचे. अशोक राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याच्या धम्मयात्रा सुरू झाल्या. त्यांत वृद्धांना भेटायचे, दान द्यायचे, खेड्यापाड्यातल्या लोकांशी बोलायचे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, आपण ज्याला पूर्वी प्रिन्स ऑफ वेल्स म्हणायचो तिथे, तो सोपाऱ्याचा दगड आहे. तुकडाच आहे, सगळा लेख नाही, आणि अक्षरे झिजलेली आहेत. पण बावीसशे वर्षांपूर्वीची आहेत.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी धम्मवर्गाची सगळी मुले आम्ही तिथे नेणार आहोत. सकाळी साडेआठला विहारासमोर जमायचे. आईवडील आले तर चांगलेच. ज्यांना तिकीट परवडणार नाही त्यांनी आम्हाला आधी कानात सांगावे, लाजू नये. डबा आणि पाणी घरून आणावे. मुलांनी एक वही आणि पेन्सिल आणायची आहे. दगडावरची अक्षरे दिसतील तशी वहीत काढायची. कळली नाहीत तरी चालेल. त्या मुलीचे पाच मार्क अजून आम्ही भरलेले नाहीत. त्या दिवशी तिथेच बसून ती उत्तर पुन्हा लिहिणार आहे.

जयभीम.